कण्हेर: उभी असताना निमूट, तोडल्यावर घातक

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटली की खानदेशातल्या बहुतेक बागा मान टाकतात. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळू लागतो, गुलाबाच्या कळ्या उमलण्याआधीच करपतात, जास्वंदीची पाने दुपारी लोंबतात आणि कुंडीतली माती सकाळी पाणी घालूनही संध्याकाळपर्यंत वाळून खडखडीत होते. याच दिवसांत जळगाव-धुळ्याकडच्या महामार्गाच्या दुभाजकात, ट्रकांच्या धुराने आणि धुळीने माखलेली कण्हेर मात्र गुलाबी, पांढऱ्या, लाल झुपक्यांनी लगडलेली दिसते. ते पाहून आपल्याही अंगणात एखादे झाड असावे असे अनेकांना वाटते आणि मग घरात दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असते की हे विषारी झाड दारात नकोच. दुसऱ्याचे म्हणणे असे की आमच्या आजीच्या काळापासून ही फुले देवाला वाहिली जातात, कोणाला काही झाल्याचे ऐकिवात नाही. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. राहून जाते ते एवढेच की कण्हेरीचा धोका नेमका कोठे असतो. माझ्या अनुभवात तो उभ्या झाडापेक्षा तोडलेल्या फांदीत अधिक असतो, आणि कण्हेर लावण्याची, वाढवण्याची व छाटण्याची बहुतेक पथ्ये या एका गोष्टीतून आपोआप निघतात.

प्रथम नावाचा गोंधळ दूर केला पाहिजे. आपण जिला कण्हेर म्हणतो तिचे शास्त्रीय नाव नेरियम ओलिअँडर. हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिले आणि नेरियम या प्रजातीत ही एकच जात मानली जाते. तिची पाने लांब, अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी व चामड्यासारखी जाड असतात आणि बहुधा एकाच पेरावर तीन-तीन येतात. फुलांच्या जागी पुढे बोटभर लांबीच्या किंवा त्याहूनही लांब जोडशेंगा धरतात, त्या तडकल्या की आतून केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. जिला पिवळी कण्हेर किंवा बिट्टी म्हणतात ते झाड निराळे आहे. ते मूळचे अमेरिका खंडातले. त्याची फुले घंटेसारखी पिवळी, पाने अधिक चिंचोळी, पान तोडताच पांढरा चीक वाहतो आणि त्याला हिरवे, गाठोड्यासारखे फळ धरते. आमच्या लहानपणी या फळातल्या कठीण बिट्ट्या खिशात भरून आम्ही दिवसभर खेळत असू. त्या बिट्टीच्या आत जो गर असतो तोच त्या झाडाचा सर्वांत विषारी भाग, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, आणि बिट्टी फोडणे कठीण असल्यामुळेच बहुधा आम्ही निभावलो. तगर, चाफा, सदाफुली, करवंद, रुई आणि हल्ली कुंड्यांत दिसणारे अडेनियम ही सारी याच कुळातली भावंडे आहेत. कुळ एक असले तरी गुण एक नसतात. करवंदे आपण आवडीने खातो, रुईचा चीक मात्र डोळ्यांजवळही नेत नाही.

कण्हेर उन्हाळ्यात का टिकते याचे उत्तर पानाच्या खालच्या बाजूला सापडते. साधे भिंग घेऊन पान उलटे धरले तर पांढुरके ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे पानाच्या पृष्ठभागात खोल गेलेले खळगे असून त्यांच्या आत बारीक केस असतात आणि पान ज्या छिद्रांतून श्वास घेते व ज्यांतून पाणी वाफ होऊन निघून जाते ती छिद्रे या खळग्यांच्या तळाशी दडलेली असतात. लू वरून वाहत असली तरी खळग्यातली हवा केसांमुळे स्थिर राहते, तेथला ओलावा लवकर उडत नाही आणि झाडाचे पाणी वाचते. आपली जुनी घरे रस्त्याकडे मोठ्या खिडक्या न ठेवता आतल्या चौकाकडे उघडत, त्यातलाच हा प्रकार. त्यावर पानाची वरची बाजू जाड, मेणचट असते. त्यामुळे ही वनस्पती पाण्याचा ताण, थोडी खारट जमीन, धूर आणि धूळ हे सारे सोसते. निसर्गात ती बहुधा कोरड्या प्रदेशातल्या ओढ्यांच्या आणि नद्यांच्या कडेने वाढते, म्हणजे कधी पूर तर कधी भेगाळलेले पात्र असे दोन्ही टोकांचे दिवस तिला ठाऊक असतात. आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीचा स्वभावही असाच, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. जपानमधल्या हिरोशिमा शहराचे अधिकृत फूल कण्हेर आहे, कारण १९४५ च्या अणुबाँबनंतर त्या होरपळलेल्या भूमीत लवकर फुललेल्या झाडांत ती होती.

आता विषाकडे वळू. कण्हेरीच्या मुळापासून फुलापर्यंत प्रत्येक भागात ओलिअँड्रिन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्ये असतात. त्यांना हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइड्स म्हणतात. हृदयरोगात अगदी मोजून दिले जाणारे डिगॉक्सिन हे औषध याच प्रकारातले आहे, फरक एवढाच की औषधाच्या गोळीतली मात्रा ठरलेली असते आणि पानातली कधीच ठरलेली नसते. ही द्रव्ये काय करतात हे समजून घ्यायला विहिरीचे उदाहरण चांगले पडते. पावसाळ्यात विहिरीचे काम चालू असताना बाजूने सतत पाझर येत असतो आणि काम करायचे तर मोटार लावून ते पाणी बाहेर फेकत राहावे लागते. हृदयाच्या प्रत्येक पेशीतही सोडियम असाच बाहेरून आत झिरपत असतो आणि पेशीच्या आवरणावरचे सूक्ष्म पंप तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेण्याचे काम अखंड करत असतात. कण्हेरीचे विष नेमके या पंपाला चिकटून तो बंद पाडते.

मोटार बंद पडली की विहिरीतली पातळी चढते, तसा पेशीत सोडियम साठतो. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. पेशीतले जास्तीचे कॅल्शियम बाहेर काढण्यासाठी दुसरी एक व्यवस्था असते आणि ती चालते सोडियमच्या उतारावर, म्हणजे बाहेर सोडियम जास्त व आत कमी असल्यामुळे तो आत येताना जो जोर लागतो त्या जोरावर. आतली पातळी चढली की उतारच उरत नाही, कॅल्शियम आत अडकते आणि ज्या कॅल्शियमच्या इशाऱ्यावर हृदयाचा स्नायू आकुंचन पावतो ते प्रमाणाबाहेर गेल्याने ठोक्यांची लय बिघडते. त्याच वेळी रक्तात पोटॅशियम वाढते आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश रेंगाळतो. धुळे भागातल्या जुन्या फड पद्धतीत, म्हणजे सामूहिक पाटपाण्याच्या व्यवस्थेत, पाटकरी ठरल्या क्रमाने एकेका फडाला पाणी सोडतो म्हणून सगळ्यांचे भिजते. तोच क्रम विस्कटला तर एका शेतात तळे आणि दुसरे कोरडे, अशी अवस्था होते. विषबाधेत हृदयाचे काहीसे असेच होते.

म्हणून लक्षणांची सुरुवात पोटापासून होते आणि शेवट हृदयापाशी होतो. मळमळ, वारंवार उलट्या, पोटात कळा, जुलाब, चक्कर, कधी डोळ्यांसमोर पिवळटपणा आणि मग नाडी मंद होणे किंवा ठोके चुकणे असा हा क्रम असतो. उलट्या थांबल्या म्हणजे धोका टळला असे समजणे ही मोठी चूक आहे, कारण हृदयावरचा परिणाम काही तासांनीही उघड होऊ शकतो. संस्कृतात कण्हेरीला करवीर हे गोड नाव आहे, तसेच हयमार आणि अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारी, ही नावेही आहेत. जनावरे या झाडाने मरतात हे जुन्या लोकांनी नावातच नोंदवून ठेवले आहे. आयुर्वेदात तिची गणना उपविषांत होते आणि शोधनाशिवाय, म्हणजे विष उतरवण्याच्या शास्त्रोक्त प्रक्रियेशिवाय, ती वापरू नये असा दंडक आहे. त्यामुळे मूळव्याधीवर किंवा त्वचारोगावर कण्हेरीचा घरगुती उपाय सांगणारे संदेश फिरतात, त्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नये.

इतके विष असूनही रस्तोरस्ती लावलेली कण्हेर रोज अपघात का घडवत नाही? कारण ती भयंकर कडू आहे. मोकाट गाई-बकऱ्या हिरव्या कण्हेरीला सहसा तोंड लावत नाहीत, आणि दुभाजकासाठी तिची निवड होण्यामागे कमी पाणी व समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडवणारी दाट वाढ यांच्याबरोबर हेही एक कारण आहे. पण फांदी तोडली, दोन दिवस उन्हात पडली, पाने मऊ पडून सुकली की जनावराला ती पूर्वीसारखी ओळखू येत नाही, तिचा तिटकाराही वाटत नाही, आणि विष मात्र तसेच राहते. वाळवल्याने ते जात नाही आणि उकळल्यानेही जात नाही. त्यातच ती पाने कडब्यात किंवा कापलेल्या गवतात मिसळलेली असतील तर जनावर निवडून खाऊ शकत नाही. मोठ्या बैलालाही मूठभर वाळलेली पाने पुरतात आणि पुष्कळदा जनावर आजारी दिसण्याआधीच गोठ्यात मेलेले सापडते.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर छाटणी झाली आणि छाटलेल्या कण्हेरीचा ढीग दोन दिवस मोकळ्या प्लॉटच्या कडेला तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी काम करणारा माणूस आणखी फांद्या आणून टाकत असताना बकऱ्या चारणाऱ्या एक आजी लांबूनच हात उंचावत ओरडल्या, “आठे नका टाका भाऊ, मन्या बकऱ्या मरी जातीन!” त्यांना ग्लायकोसाइड ठाऊक नव्हते, पण हिरव्या झुडपाखालून त्या बकऱ्या निवांत नेत असत आणि सुकलेल्या ढिगाजवळ मात्र फिरकू देत नसत. कण्हेरीबद्दलचे एवढे नेमके ज्ञान मला नंतर कोणत्याही रोपवाटिकेत मिळाले नाही.

तेव्हा लागवडीचा पहिला प्रश्न खड्डा किती खोल हा नसून जागा कोणती हा आहे. गोठ्याजवळ, जनावरांच्या पाण्याच्या हौदावर पाने गळतील अशा ठिकाणी, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा कुट्टीच्या यंत्राजवळ कण्हेर नको. अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या आवारात नको आणि घरात रांगते मूल असेल तर त्याच्या हाताच्या उंचीवर कुंडीतही नको. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला वाऱ्यापासून आडोसा म्हणून कडेने शेवरी लावतात. पाणी कमी लागते म्हणून तिच्या जागी कण्हेर लावावी का असे एका नातेवाइकाने मला विचारले होते. मी नको म्हणालो, कारण शेवरीचा पाला बकऱ्यांना घालायची ज्या बांधावर सवय आहे त्याच बांधावर दुसऱ्या वर्षी कोणीतरी घाईत चुकीचा पाला तोडणार. याउलट बंगल्याच्या रस्त्याकडच्या कुंपणाला, जिथे धूळ आणि पश्चिमेचे ऊन अडवायचे आहे तिथे, कण्हेरीइतके सोशिक झाड शोधूनही सापडणार नाही.

जागा ठरली की बाकीचे काम सोपे आहे. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीत ती उंच, विरळ आणि फुलांविना वाढते. काळ्या जमिनीत दीड-दोन फुटांचा खड्डा घेऊन त्यात थोडी मुरमाड माती व शेणखत मिसळावे आणि रोपाभोवतीची माती आजूबाजूपेक्षा किंचित उंच ठेवावी, म्हणजे आषाढातल्या झडीत बुंध्याशी पाणी साचणार नाही. कुंपणासाठी दोन रोपांत पाच-सहा फूट अंतर ठेवावे. सुरुवातीला ते फार वाटते, पण झाड दहा फुटांच्या वर सहज जाते. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्यावे आणि मुळे खोल गेल्यावर दहा-पंधरा दिवसांतून एकदा भिजवले तरी चालते. खत बेताचेच द्यावे. युरिया ओतला की पाने तरारतात, फुले मागे पडतात आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा तुटून पडतो.

रोप विकत घेण्याचीही गरज नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, अर्धवट पिकलेली फांदी पेराखाली कापून खालची पाने काढावीत आणि ती ओल्या वाळूत किंवा सरळ पाण्याच्या बाटलीत उभी करावी. पावसाळ्याच्या तोंडाशी हे केले तर महिनाभरात पांढरी मुळे दिसतात. मात्र ज्या पाण्यात कण्हेर उभी असते त्या पाण्यातही विष उतरते. आमच्याकडे अशी बाटली खिडकीत ठेवतो तेव्हा तिच्यावर लाल कागद चिकटवतो आणि ती पाणी पिण्याच्या बाटलीसारखी दिसणारी तर मुळीच घेत नाही. मुळे फुटल्यावर ते पाणी मोरीत ओतायचे, बाटली टाकून द्यायची. रोप निवडताना एक लहानसा भेद ध्यानात ठेवावा. एकेरी पाकळ्यांच्या कण्हेरीची फुले आपोआप गळून पडतात, तर दुहेरी गुलाबी जातीची फुले दिसायला भरगच्च असली तरी सुकल्यावर तपकिरी होऊन फांदीलाच लोंबत राहतात. मला स्वतःला एकेरी पांढरी आवडते.

छाटणीवर थोडे थांबावे लागेल, कारण फुले आणि धोका दोन्ही तिथेच आहेत. कण्हेरीची फुले नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. म्हणून थंडी ओसरताना, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, फांद्या एक-तृतीयांशाने मागे घ्याव्यात. पेराच्या जरा वर कापले की तिथल्या तीन पानांच्या बगलेतून बहुधा दोन-तीन फुटवे निघतात आणि आखाजीपर्यंत झाड भरून येते. ऐन बहरात छाटले तर तो बहर हातचा जातो. बुंध्यातून निघणारे कोंब कापण्यापेक्षा कोवळे असतानाच ओढून काढावेत, कापले तर पुन्हा फुटतात. काम करताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, कारण रसाने त्वचेची आग होऊ शकते आणि तोच हात डोळ्याला लागला तर त्रास वाढतो. काम संपल्यावर कात्री आणि हात साबणाने धुवावेत.

आणि मग छाटलेल्या फांद्या. त्या मोजाव्यात म्हटले तरी अतिशयोक्ती नाही. त्या तिथल्या तिथे बारीक करून गोणीत भराव्यात, गोणीचे तोंड बांधावे आणि घंटागाडीवाल्याला आत काय आहे ते सांगून द्यावी. शेतावर असाल तर जनावरे उकरणार नाहीत इतक्या खोल पुराव्यात. उघड्यावर ढीग नको, बांधावर नको, भाजीपाल्याच्या खतखड्ड्यातही नको. त्या जाळू तर अजिबात नयेत, कारण धूरही डोळ्यांना व श्वासाला घातक असतो. आपल्याकडे हिवाळ्यात भरताच्या पार्ट्या होतात, शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात आणि काड्या कमी पडल्या की पोरे बांधावरून हाताला लागेल ते सरपण ओढून आणतात. त्यात वाळलेली कण्हेर येऊ नये म्हणून ती बांधावर पडलेलीच नसावी, याहून चांगला उपाय नाही.

कीड फारशी पडत नाही, पण जी पडते तिच्यावर या विषाचा काही परिणाम होत नाही. शेंड्यांवर दाटीने बसणारा पिवळाधमक मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन निघतो. पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी अर्काची फवारणी पुरते. पाने कुरतडणारी, अंगावर काळे मऊ तंतू असलेली अळी दिसली तर मात्र मी हात आवरता घेतो, कारण ती हबशी फुलपाखराची असते आणि काही दिवसांत पानाखाली तिचा कोष लटकतो. तो कोष मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कोणीतरी चांदीचा मणी अडकवून ठेवला आहे असेच वाटले. त्यात माझा चेहरा आणि मागचे आभाळ दिसत होते. ही अळी कण्हेरीचे विष पचवते, आणि चवीला वाईट असल्यामुळे या फुलपाखराच्या वाटेला पक्षी सहसा जात नाहीत. गंमत म्हणजे कण्हेरीच्या फुलात मकरंद नसतो, तरी ती रंगाने कीटकांना बोलावते आणि रिकाम्या हाताने परत पाठवते.

देवपूजेचा प्रश्न उरतो. फूल देवाच्या चरणी वाहणे आणि तेच फूल पंचामृतात किंवा तीर्थाच्या पेल्यात पडणे यांत फरक केला पाहिजे. केरळमध्ये २०२४ साली एका तरुणीचा मृत्यू कण्हेरीची पाने-फुले नकळत चघळल्याने झाला असावा असा संशय व्यक्त झाल्यावर त्रावणकोर देवस्वम मंडळाने त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या मंदिरांत नैवेद्य आणि प्रसादातून हे फूल वगळले. पूजेतला वापर मात्र ठेवला. हा मध्यम मार्ग आपल्या देवघरातही पाळता येण्याजोगा आहे. निर्माल्य गाईला घालण्याची पुष्कळ घरांत रीत आहे, तेव्हा त्यातली कण्हेर आधी वेचून काढावी.

एवढे करूनही कोणी पान किंवा फूल खाल्ल्याचा संशय आला तर तोंडात उरलेले काढून पाण्याने चूळ भरायला लावावी. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत न पडता १०८ वर फोन करून ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे आणि त्या झाडाची डहाळी पिशवीत घालून सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांचा शोधण्यातला वेळ वाचतो. तेथे हृदयाचे ठोके आणि रक्तातले पोटॅशियम यांवर लक्ष ठेवतात, गरजेनुसार मंद नाडी वाढवणारे अ‍ॅट्रोपिन देतात किंवा तात्पुरता पेसमेकर बसवतात. डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचे औषध यावर चालते, पण ते महाग असून आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून वेळेत पोहोचणे महत्त्वाचे ठरते. जनावराच्या बाबतीत पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक आहे. डॉक्टर येईपर्यंत जनावराला चालवू-पळवू नये, आणि गव्हाणीत उरलेली वैरण फेकून न देता बाजूला ठेवावी, कारण कण्हेरीचे पान त्यातच सापडण्याचा संभव असतो.